मुरूड-कर्दे किनाऱ्यावरची भाड्याची घरं: समुद्र नंतर, आधी ओटा बघा

दापोलीहून येताना आसूदचा उतार संपून माड-पोफळीच्या बागा सुरू झाल्या की दोन्ही बाजूंना पाट्या दिसू लागतात. ‘घर भाड्याने मिळेल’, ‘किचनसह बंगला’, ‘समुद्र दोन मिनिटांवर’. हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर आणि जोग नदीपलीकडचं आंजर्लं या पट्ट्यात पूर्वी ‘खोली आणि जेवण’ एवढाच प्रकार होता. यजमानांच्या घरी जेवायचं आणि बाजूच्या खोलीत झोपायचं. आता अख्खं घर स्वयंपाकघरासकट दोन-तीन दिवसांसाठी मिळतं आणि दोन-तीन कुटुंबांना मिळून ते परवडतंही. हे परीक्षण या सोयीचं आहे, कुठल्या एका बंगल्याचं नाही. कारण घरं वेगळी असली तरी त्यातल्या खोड्या बहुतेक त्याच असतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. या घरांचं भाडं समुद्रापासूनच्या अंतरावर ठरतं, पण मुक्काम सुखाचा होतो की वैतागाचा, हे ओटा, पाणी आणि विजेवर ठरतं. गच्चीवरून समुद्र दिसणाऱ्या घरात दोन शेगड्यांपैकी एकच पेटत असेल आणि नळाला खारं पाणी येत असेल, तर आठ माणसांचा रात्रीचा स्वयंपाक अकराला उरकतो. मग समुद्र काय कामाचा?

बुकिंग करताना पहिला प्रश्न भाड्याचा नको. ‘स्वयंपाकघरात मासे-मटण चालतं का?’ हा हवा. मुरूड, आंजर्लं, केळशी या गावांत बरीच घरं शाकाहारी कुटुंबांची आहेत. घर भाड्याने देतात, स्वयंपाकघर वापरू देतात, पण मासे घरात आणलेले चालत नाहीत. यात गैर काही नाही. ही अट जाहिरातीत बारीक अक्षरात असते किंवा नसतेच, आणि हर्णैहून दोन किलो सुरमई घेऊन आल्यावर दारात कळते. काही मालक मधला मार्ग काढतात. मागच्या पडवीत वेगळी शेगडी आणि वेगळी भांडी ठेवतात. तसं असेल तर पडवीला पत्रा आहे का आणि वारा कुठून येतो ते विचारा. संध्याकाळच्या वाऱ्यात उघड्यावरची शेगडी धड जळत नाही.

दुसरा प्रश्न अंतराचा. ‘समुद्रालगत’ या शब्दाचा अर्थ शंभर पावलंही होतो आणि दोन किलोमीटरही. मालकाकडून नकाशावरचं नेमकं ठिकाण मागवा आणि उपग्रह चित्रात घर आणि वाळू यांच्यामध्ये काय आहे ते बघा. मध्ये दुसऱ्याची कुंपण घातलेली बाग असेल तर सरळ रेषेतले दीडशे मीटर चालताना सातशे होतात. तरीही स्वयंपाक स्वतः करायचा असेल तर किनाऱ्यापासून थोडं आत, गावाच्या बाजूला असलेलं घर आम्ही वरचं मानतो. दुकान जवळ, विहिरीचं पाणी बहुधा गोडं आणि लोखंडी वस्तूंवर गंज कमी. अगदी वाळूवरच्या घरात वर्षभरात गॅसची शेगडी, दाराच्या कड्या, फ्रिजची मागची जाळी, सगळं खाऱ्या हवेनं खाल्लेलं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे फोटोंवर भागवू नका. स्वयंपाकघराचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मागा: प्रत्येक खण उघडून, दोन्ही शेगड्या पेटवून, नळ सोडून. जे मालक आनंदानं पाठवतात त्यांच्याकडे सहसा सगळं जागेवर असतं. ‘सगळं आहे हो, काळजी करू नका’ एवढंच उत्तर आलं तर काळजी करा. ‘सगळं’ म्हणजे तीन लिटरचा कुकर, दोन पातेली, खरवडलेला नॉनस्टिक तवा, सहा ताटं आणि धार गेलेली एक सुरी. जे नसतं त्याची यादी प्रत्येक घरात जवळपास सारखीच. विळी-खवणी नसते, आणि कोकणात नारळ खवायला काही नसणं ही थट्टाच आहे. सांडशी, चहाची गाळणी, परात, झारा नसतो. पोळपाट असतो, लाटणं नसतं. कुकर असतो पण रबर सैल झालेलं असतं, म्हणून शिट्टी होत नाही आणि कडेनं वाफ जात राहते. मिक्सर असतो, पण चटणीच्या छोट्या भांड्याचं पातं फिरत नाही.

म्हणून गाडीत एक पिशवी वेगळी करा. त्यात धार लावलेली सुरी, घडीची खवणी, सांडशी, गाळणी, लाटणं, आपल्या कुकरचं रबर नव्हे तर आपला पाच लिटरचा कुकरच, लायटर, दोन सुती फडकी आणि बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा. तवा जड आहे म्हणून मागे ठेवण्याचा मोह होतो, पण मासे तळायचे असतील तर तोच सगळ्यांत उपयोगी पडतो. खरवडलेल्या नॉनस्टिकला रवा लावलेली सुरमई चिकटते, कवच तव्यावर राहतं आणि ताटात उघडा तुकडा येतो. बिडाच्या तव्यावरही चिकटते, पण त्याची कारणं आपल्या हातात असतात: तवा पुरता तापलेला नसणं, तुकडे निथळून कोरडे न करणं आणि पहिली बाजू सुटायच्या आत उलथणं घालणं. काडेपेटीच्या भरवशावर राहू नका. दमट हवेत दुसऱ्या दिवशी गुल उडून येतो, काडी पेटत नाही.

घरात इंडक्शन शेगडी आहे म्हणून मालक खूश असतात. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची भांडी चालत नाहीत, आणि घरातली निम्मी पातेली अ‍ॅल्युमिनियमचीच असतात. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं का, ही साधी परीक्षा. शिवाय ती पूर्ण आचेवर दोन हजार वॉटच्या आसपास वीज ओढते, म्हणजे वीज गेली की इन्व्हर्टरवर ती चालणार नाही. तिला जादा शेगडी समजा, मुख्य नव्हे.

गॅसचं गणित तसं सोपं आहे. सहा माणसांचा नाश्ता आणि एक मोठं जेवण धरलं तर दोन बर्नर मिळून दिवसाला साधारण एक किलो गॅस पुरतो. तीन दिवसांना तीन किलो. घरगुती टाकीत भरलेली असताना १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे पाव टाकी शिल्लक असली तरी तुमचं कसंबसं निभतं. पण ती आहे का हे कळायचं कसं? टाकीवर ओलं फडकं फिरवून ओल कुठपर्यंत टिकते ते बघण्याची युक्ती घाटावर चालते. किनाऱ्याच्या दमट हवेत सगळीच टाकी ओली राहते. त्यापेक्षा सामानाचा वजनकाटा न्या. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या वरच्या कड्यावर कोरलेलं असतं. एकूण वजनातून ते वजा केलं की उरला तो गॅस. पोचल्यावर लगेच करा. सायंकाळी सातनंतर टाकी बदलून देणारा माणूस गावात मिळेलच असं नाही.

आता पाणी. नारळाच्या बागेतल्या विहिरीचं पाणी चवीला गोड लागलं तरी ते बरेचदा जड असतं, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींना एप्रिल-मेमध्ये पातळी खाली गेली की खारटपणाही येतो. आंघोळीला साबणाचा फेस होत नाही, हे चालवून घेता येतं. डाळ शिजत नाही, हे मात्र नाही. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या दाण्याला धरून ठेवतं आणि पाच शिट्ट्यांनंतरही तूरडाळ दाणा दाणा राहते. मग लोक आणखी शिट्ट्या काढतात आणि गॅस जाळतात. डाळ शिजवायला आणि चहाला जारचंच पाणी वापरा. तेवढं नसेल तर अर्धा तास डाळ भिजवून कुकरमध्ये चिमूटभर खायचा सोडा घाला. आमसूल, चिंच, टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावर. आंबट आधी पडलं तर गोड्या पाण्यातही डाळ अडून बसते.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार ते पाच लिटर धरा. सहा जणांना तीन दिवस म्हणजे सत्तर ते नव्वद लिटर, वीस लिटरचे चार ते पाच जार. पोचायच्या आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवा. शनिवारी दुपारी मागितलेला जार रविवारी सकाळी येतो. वापरायच्या पाण्याचीही चौकशी करा: टाकी किती लिटरची आणि पंप कोण लावतं? समुद्रातून आल्यावर दहा माणसं एकामागून एक आंघोळीला गेली की हजार लिटरची टाकी तळाला लागते, आणि नेमकी तेव्हा वीज गेलेली असेल तर पंप चालत नाही. अंगावरची वाळू बाहेरच्या नळावर धुवायची सोय असलेलं घर या एका कारणासाठी थोडं महाग असलं तरी घ्यावं. वाळू न्हाणीघराच्या जाळीत गेली की तिसऱ्या दिवशी पाणी तुंबतं.

विजेचा भरवसा ऋतूवर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी फारशी अडचण नसते. वळवाच्या पावसापासून गणपतीपर्यंत तारांवर झावळ्या पडतात आणि वीज तासन्‌तास जाऊ शकते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात याच पट्ट्यात माड, पोफळी आणि विजेचे खांब एकत्रच आडवे झाले होते. इन्व्हर्टर आहे म्हणजे पंखे आणि दिवे चालतील. फ्रिज, मिक्सर आणि पंप चालणार नाहीत. म्हणून वाटण सकाळी वीज असताना करून घ्यायचं. ओल्या नारळाचं वाटण उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर दुपारपर्यंत आंबट होतं. बर्फाच्या कप्प्यात सपाट डब्यात ठेवा, संध्याकाळपर्यंत टिकेल. वीज गेल्यावर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज चारेक तास गारवा धरतो. वीज तेवढ्यात येणार नाही असं दिसलं तर मासे त्याआधीच शिजवून टाका, दुसऱ्या दिवसासाठी राखू नका.

सामान कुठून घ्यायचं हाही ठरवायचा विषय. तांदूळ, पीठ, डाळ, मसाले घरून न्या. भाजी, दूध, अंडी दापोलीच्या बाजारातून घ्या. गावातल्या दुकानात कांदे-बटाटे, बिस्किटं, साखर मिळते, पण पालेभाजी घाटावरून येते आणि दुपारपर्यंत संपते. शिवाय एक ते चार दुकानं बंद. हा वामकुक्षीचा तास कोकणात पाळला जातो आणि त्यावर कुरकुर करण्यात अर्थ नाही. दुधाच्या पिशव्या सकाळी मोजक्या येतात. आदल्या संध्याकाळी दुकानदाराला सांगून ठेवलं की तो बाजूला काढून ठेवतो. पेट्रोल भरणं आणि रोख रक्कम काढणं हेही दापोलीतच उरकलेलं बरं.

सहा मोठी माणसं, तीन रात्री, रोजचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण घरी, एक दुपार घरी, बाकी दुपार बाहेर असं धरलं तर प्रमाण असं बसतं. तांदूळ अडीच किलो, कारण माशांबरोबर भात नेहमीपेक्षा जास्त जातो. कणीक सव्वा किलो, दोन वेळच्या पोळ्यांना. तूरडाळ पाऊण किलो, पोहे आणि रवा अर्धा-अर्धा किलो, अंडी दीड डझन. तेल दीड लिटर, त्यातलं निम्मं तळणात जाईल. कांदे तीन किलो, बटाटे दीड, टोमॅटो एक, लसूण पाव किलो, आलं शंभर ग्रॅम, कोथिंबीर-मिरची रोजची. चहा दोनशे ग्रॅम, साखर एक किलो, दूध दिवसाला दीड ते दोन लिटर. लाल तिखट आणि घरचा मसाला शंभर-शंभर ग्रॅम, हळद पन्नास. तांदळाचं पीठ पाव किलो, मासे घोळवायला. सुरमई नुसत्या रव्यात घोळवली की रवा गळतो, त्यात एक तृतीयांश तांदळाचं पीठ मिसळलं की कवच धरतं. नारळ सहा, पण ते तिथेच घ्या, बहुतेक वेळा राखणदारच बागेतले काढून देतो. आमसुलं शंभर ग्रॅमही तिथलीच. सहा जणांच्या सोलकढीला पंधरा आमसुलं आणि दोन नारळांचं पहिलं-दुसरं दूध पुरतं. आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करायची. नारळाच्या दुधात आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालून ती उकळायला ठेवली की फाटते. ती गारच प्यायची असते.

सगळं कोरडं सामान घट्ट झाकणाच्या डब्यात. मीठ एका रात्रीत पाझरतं, पापड मऊ पडतात, पाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरसतो. मुंग्यांसाठी साखरेचा डबा पाणी घातलेल्या ताटलीत ठेवायची जुनी युक्ती अजूनही सगळ्यांत चांगली. आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी टाकून समुद्रावर जाऊ नका. दापोलीच्या बागांमध्ये माकडांचा उपद्रव आहे. केळी आणि पाव ती आधी उचलतात, मग डबे उघडून बघतात.

मासे. इथं राहून स्वतः रांधण्याचं खरं कारण हेच. हर्णै बंदरात सकाळी आणि संध्याकाळी लिलाव होतो. संध्याकाळचा, चारनंतरचा, मोठा. समोर सुवर्णदुर्ग, उथळ पाण्यातल्या होड्यांवरून माल किनाऱ्यावर आणणाऱ्या बैलगाड्या आणि वाळूवर मांडलेल्या टोपल्या. लिलावात बोली लागते ती अख्ख्या टोपलीवर किंवा ढिगावर आणि घेणारे व्यापारी असतात. दोन किलो घेणाऱ्यानं त्यात शिरण्यात अर्थ नाही. त्याच मालाचे वाटे करून बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्यायचं. पहिल्या बाईकडेच न घेता एक फेरी मारून भाव ऐका. थोडी घासाघीस चालते, पण ताज्या मालाला निम्मा भाव सांगितलात तर पुढचं बोलणं बंद. पैसे रोख आणि सुटे न्या. वाळूवर चिखल आणि खवले असतात, घसरणार नाही अशी चप्पल घाला, आणि लहान मुलांचा हात धरा. गाड्या मागे घेताना कुणाचं लक्ष नसतं.

ताजेपणाची परीक्षा डोळ्यांपासून सुरू होते. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, खोल गेलेला, दुधी नको. कल्ले लालभडक, तपकिरी नकोत. बोटानं दाबल्यावर खळगा पडून तसाच राहिला तर मासा जुना. कोळंबीचं डोकं घट्ट हवं, काळं पडून सुटायला लागलेलं नको. चिंबोरी जिवंत आणि हाताला जड लागणारी. अमावस्येच्या सुमारास ती भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, असं किनाऱ्यावर सगळेच सांगतात. माणशी अख्खा मासा पाव किलो धरा. सुरमई साफ करून तुकडे केले की किलोचा सातशे ग्रॅमच्या आसपास माल हाती येतो. साफ करून देणाऱ्या बायका तिथेच असतात, थोडे पैसे घेतात, ते द्या. घरी मोरीत खवले काढले तर जाळी तुंबते आणि वास तीन दिवस जात नाही.

बांगडा, सुरमई आणि कुपा (ट्यूना) या माशांबाबत एक सावधगिरी. हे उन्हात किंवा गरम गाडीत तास-दोन तास राहिले तर त्यांत हिस्टामाइन तयार होतं. मासा दिसायला ठीक, वासही फारसा नाही, पण खाल्ल्यावर जिभेला चरचर, तोंड लाल, डोकेदुखी, अंगावर गांधी. आणि शिजवल्यानं किंवा तळल्यानं ते जात नाही. म्हणून बर्फाचा डबा घेऊनच बंदरात जायचं. किलो माशाला किलोभर बर्फ, खाली-वर थर, वितळलेलं पाणी काढून टाकायचं. ‘दहा मिनिटांवर तर घर आहे’ म्हणून मासे पिशवीत डिकीत ठेवणारे मग वाटेत मंदिर, वाटेत नारळपाणी करत दीड तासानं घरी पोचतात.

तिसऱ्या (शिंपल्या) घेतल्या तर दोन-तीन तास मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. त्या वाळू सोडतात. गोड्या पाण्यात ठेवल्या तर मरतात आणि वाळू आतच राहते. शिजवण्याआधी ज्या उघड्या आहेत आणि टिचकी मारूनही मिटत नाहीत त्या फेका. शिजल्यावर ज्या उघडल्या नाहीत त्याही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ‘ताजी सुरमई’ म्हणून मिळते ती बहुधा बर्फातली. खाडीतले मासे आणि सुकट-बोंबील हाच खरा पावसाळी माल. पावसाळ्यात घरं स्वस्त मिळतात, हिरवळ डोळ्यांत मावत नाही, पण समुद्रात उतरायचं नाही आणि कपडे वाळत नाहीत. फक्त बसून खायला, वाचायला जायचं असेल तर जा.

रोजचं वेळापत्रक भरतीवर बेतलं तर स्वयंपाकाची धांदल होत नाही. किनाऱ्यावरचं जुनं गणित असं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दोन्ही पक्षांत तसंच. साडेबारा तासांनी पुन्हा भरती आणि मध्ये सहा तासांनी ओहोटी. मिनिटांचा हिशेब यात नाही, तासभर इकडेतिकडे होतं, पण बेत आखायला पुरतं. अष्टमीच्या आसपास गेलात तर दुपारी बाराला पूर्ण ओहोटी आणि संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे सगळे चार ते सहा समुद्रावर असणार. मग भाजी चिरणं, मासे मीठ-हळद-आगळ लावून ठेवणं दुपारीच उरकायचं आणि हर्णैला सकाळच्या लिलावाला जायचं. पौर्णिमा-अमावस्येला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास येते, संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं, तेव्हा संध्याकाळचा लिलाव सोयीचा. पोहायचं ते पाणी चढत असताना, ओहोटीच्या ओढीत नाही.

कर्द्याची वाळू सपाट आणि कडक वाटते म्हणून गाड्या खाली उतरवण्याची हौस अनेकांना असते. चाक एकदा ओल्या मऊ पट्ट्यात रुतलं की ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते, आणि इंजिनात गेलेलं खारं पाणी पुढे वर्षभर बिल काढतं. गाडी घराच्या आवारातच ठेवा. तिथंही माडाखाली नको. पडलेल्या नारळानं टपाला पडलेला खळगा मालक भरून देत नाही.

आता दुपारच्या जेवणाचं. तिन्ही वेळा स्वतः रांधायचा हट्ट आम्ही सुचवत नाही. त्यात घरातल्या एक-दोन बायकांची सुट्टी ओट्यापाशी जाते, हे स्पष्ट म्हटलेलं बरं. गावातल्या घरगुती खानावळीत आदल्या रात्री आठपर्यंत ताटं सांगून ठेवली की दुपारी गरम जेवण मिळतं: आमटी-भात, डाळिंब्यांची उसळ, हंगामात फणसाची भाजी, आगाऊ सांगितलं तर उकडीचे मोदक. आयत्या वेळी दहा जण दारात उभे राहिलात तर मिळणार नाही, आणि तो त्यांचा दोष नाही. त्या नारळ-गुळाच्या मोदकाची बरोबरी भाड्याच्या ओट्यावर होणार नाही. मासे मात्र स्वतः आणलेले, स्वतः तळलेले चांगले. खानावळीच्या ताटातला तुकडा नेहमीच आपल्याला हवा त्यापेक्षा पातळ असतो.

राखणदार काका किंवा भांडी घासणाऱ्या मावशी भाड्यात आहेत की वेगळ्या, हे आधी विचारा. वेगळ्या असतील तर दिवसाचे किती ते मालकासमोर ठरवा, म्हणजे निघताना कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. माशांचा कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोपऱ्यात ठेवला की रात्री मांजरं आणि सकाळी कावळे तो अंगणभर करतात. मावशींना विचारा, बहुतेक ठिकाणी माडाच्या आळ्यात खड्डा काढून पुरतात. तळणाचं तेल मोरीत ओतायचं नाही. संडास-मोरीची टाकी बागेतच असते आणि तेल थिजून नळी बंद होते. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या आपल्याबरोबर परत. गावात कचरा उचलणारी गाडी असेलच असं नाही.

औषधांची पेटी नेहमीची, वर दोन गोष्टी जादा: भाजल्यावर लावायचं मलम आणि चिमटा. उथळ पाण्यात पाकट या माशाचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवा, वेदना लक्षणीय कमी होतात. मग दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. रात्री बागेतून जाताना विजेरी हवीच, पाचोळ्यात साप-विंचू असतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आंजर्ल्याच्या वाळूत कासवाची पिल्लं बाहेर पडण्याचा काळ असतो, तेव्हा तिथल्या किनाऱ्यावर मात्र विजेऱ्या पाजळत फिरू नका. ती उजेडाच्या दिशेनं भरकटतात.

गुण द्यायचेच तर पाचांपैकी साडेतीन. जागा आणि शांततेला पूर्ण, भांड्यांना दोन, पाण्याला घर बघून. नाताळचा आठवडा, होळीला जोडून आलेला शनिवार-रविवार आणि मे महिना टाळून मंगळवार ते गुरुवार गेलात तर तेच घर, तोच राखणदार आणि हर्णैचा तोच बाजार अर्ध्या गर्दीत मिळतो. भाडंही बोलून कमी होतं.

निघायच्या दिवशी घरी मासे न्यायचे असतील तर सकाळच्या बाजारातून घेऊन आतडी-कल्ले काढून घ्या, बर्फ भरपूर, डब्याला चिकटपट्टी. पुण्याला ताम्हिणीमार्गे पाच-सहा तास लागतात, तेवढं निभतं. पोचल्यावर उद्या बघू म्हणून ठेवू नका. रेल्वेनं जाणाऱ्यांना खेड स्थानक दापोलीपासून तीसेक किलोमीटरवर आहे, पण डब्यातून पाणी गळायला लागलं की शेजारचे प्रवासी बोलू लागतात. सुके बोंबील आणि सोडे घेतले असतील तर दोन पिशव्यांत गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला आणि डबा डिकीत. मागच्या सीटखाली ठेवलात आणि एसी लावलात, तर पुढचे पंधरा दिवस ऑफिसला जाताना गाडीत सोड्यांचं कालवण.